वरच्या मजल्यावरचे कावळे

४ जानेवारी
सकाळी थंडी. दूध, आंघोळ, चहा, पेपर. दुपारी बँकेत जाऊन आलो. कौसल्येचं वर्षश्राद्ध तेरा तारखेला. महाराजांनी तिथी काढून दिली.

या वेळी कावळा शिवला पाहिजे. दहाव्याला नदीवर शिवला नव्हता. सगळे उन्हात ताटकळले. शेवटी महाराजांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. तेव्हा माझा मेहुणा नानाजी सर्वांसमोर म्हणाला, "भाऊजी, ताईची कायतरी इच्छा राह्यली."

हे चूक आहे. कौसल्येची कोणतीच इच्छा राहिलेली नव्हती. असती तर बोलली असती. सगळ्या संसारात कधी बोलली नाही, म्हणजे नव्हती. त्या दिवशी पुलाचं काम चालू होतं, मशीनच्या आवाजाने कावळे उडून गेले होते. नानाजीला हे तेव्हाच सांगणार होतो.

या वेळी सर्व घरीच करायचं. पान मागच्या भिंतीवर ठेवायचं.

अडचण एकच, वरचे भाडेकरू. तौनो साहेब आणि ऐनो मॅडम. फिनलंडचे, मिशनरी, दोघांचीही सत्तरी झालेली. मॅडम रोज सकाळी गच्चीवर कावळ्यांना खायला घालतात. आमच्या कॉलनीतले झाडून सारे कावळे तिथे जेवतात आणि दिवसभर टाकीवर सुस्त बसतात. अशा कावळ्यांचा भरवसा नाही.

निश्चय : उद्या वर जाऊन स्पष्ट सांगणे. तेरा तारखेपर्यंत कावळे बंद.

५ जानेवारी
वर गेलो. साहेबांचं डोकं पाण्याच्या टाकीत होतं. ते इथे मिशनच्या होस्टेलमधले पंप, नळ, खाटा दुरुस्त करायला आले आहेत. मॅडम दवाखान्यात मलमपट्टी करतात. मी टॉर्च धरली. माणूस टाकीत असताना असा विषय काढणं बरं नाही.

टॉर्च चांगली धरली, असं साहेब म्हणाले.

६ जानेवारी
आज वर प्रार्थना होती. एकूण सहा माणसं, त्यातला एक फक्त बिस्किटांसाठी येतो. पेटीवर गाणी. जिन्यात उभं राहून ऐकलं. लक्ष ठेवायला हवं.

हे लोक दोन वर्षांपूर्वी राहायला आले तेव्हाच मी उत्तरं तयार ठेवली होती. मला ख्रिश्चन करायला आले तर काय बोलायचं, मुद्दे पाठ होते. आजपर्यंत दोघांपैकी एकानेही माझ्यापुढे येशूचं नाव काढलेलं नाही. भाडं देतात, नळाबद्दल बोलतात, गॅस नंबर लावायला सांगतात. इतका संयम संशय येण्यासारखा आहे.

कावळ्यांचं उद्या.

८ जानेवारी
काल पाठ दुखत होती.

आज मॅडमनीच जिन्यात गाठलं. "काहून उभे भाऊजी? बसा नं." त्यांचं मराठी कौसल्येकडून आलेलं आहे, त्यामुळे वऱ्हाडी आहे. गोरी बाई तिच्यासारखं "बसा नं" म्हणते तेव्हा विचित्र वाटतं. बसलो. कॉफी दिली, काळी, बिनसाखरेची. औषध समजून प्यालो. ती दोघं एकमेकांशी फार कमी बोलतात. साहेब काहीतरी एक शब्द म्हणाले. बऱ्याच वेळाने मॅडम हसल्या. मग पुन्हा शांत. आमचंही असंच होतं. फक्त हसण्याचा भाग नव्हता.

गच्चीच्या कठड्यावर कावळे रांगेत बसले होते. एक तर माझ्याकडेच पाहत होता.

पाहुणचार घेतल्यावर लगेच तक्रार करणं शोभत नाही. उद्या नक्की.

९ जानेवारी
काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं जमलं. आवाजात जरब आहे. ऑफिसात हा आवाज वापरायला हवा होता.

नानाजीच्या बायकोचा, प्रयागबाईचा फोन. "यंदा तरी कावळा शिवन का हो भाऊजी? नाई तं लोक म्हनतीन, बाई कशी राह्यली असन या घरात." मी म्हटलं, सर्व व्यवस्था केली आहे.

वर गेलो नाही. फोनमुळे मूड गेला.

११ जानेवारी
सांगितलं! शेवटी सांगितलं.

साहेब अंगणात सायकलची चेन बसवत होते. मी म्हटलं, तेरा तारखेला कौसल्येचं श्राद्ध आहे आणि त्या दिवशी कावळे फार महत्त्वाचे आहेत. "खाऊ घालू नका" हे शब्द मुद्दाम वापरले नाहीत, उगाच कठोर वाटतात. समजदाराला इशारा पुरतो. साहेबांनी हात पुसले आणि वर जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडम लगेच खाली आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला. "भाऊजी, तुमी चिंता नका करू. कौसल्याबाईसाठी मी कायपन करीन."

या लोकांशी कसं बोलावं हे कळायला लागतं. मला ते जमतं.

१२ जानेवारी
मुलगी वैभवी पुण्याहून आली. आल्या आल्या फ्रीज साफ केला. नानाजी आणि प्रयागबाई मेडशीहून संध्याकाळच्या एसटीने आले. सर्व तयार. पूर्ण निश्चिंत आहे.

१३ जानेवारी, सकाळ
पहाटेपासून वरून तुपाचा वास येतो आहे. साहेबांचा नाश्ता असेल. कावळ्यांचा आवाज आज फार मोठा आहे. शुभ लक्षण.

१३ जानेवारी, दुपार
पान भिंतीवर ठेवलं. पुरणपोळी, वडे, भजी, खीर. सगळे मागे सरकून उभे राहिलो. एकही कावळा नाही. एक मांजर आलं, प्रयागबाईने हाकललं.

मग नानाजीने भिंतीकडे तोंड करून हात जोडले. "ताई, भाऊजीले दर रविवारी घरचा डबा पाठवतो!" प्रयागबाई म्हणाली, "डबा? अन् रांधन कोन?" कावळा आला नाही.

वैभवी म्हणाली, "आई, बाबांना मी पुण्याला घेऊन जाते." मी घाबरून भिंतीकडे पाहिलं. सुदैवाने आला नाही.

नानाजी म्हणाला, "आता तुमी बोला नं भाऊजी. तुमचंच आयकन ताई."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "ये."

"ये काय, ये? कुत्र्याले बलावता का?" प्रयागबाई.

महाराजांना एक वाजता दुसरं घर होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पानाला टेकवला आणि दक्षिणा घेऊन गेले.

पंगत बसली तेवढ्यात मॅडम खाली आल्या. अंगाला पीठ, चेहरा लाल. आनंदाने विचारलं, "आले का कावळे? खूप जमवले मी! अंधारात उठून धिरडे केले, येक टोपलं. म्हटलं, कौसल्याबाईच्या दिवशी येक बी उडून नाई गेला पाह्यजे."

नानाजीला ठसका लागला. "म्हंजे मॅडमनंच जेवू घातले सारे! मंग खाली कायले येतीन थे!" सगळे हसले. वैभवीसुद्धा हसली. मला फार मोकळं वाटलं. कारण सापडलं होतं. इच्छेचा प्रश्नच नव्हता, कावळ्यांची पोटं भरलेली होती. हे मी सर्वांना दोनदा सांगितलं.

मॅडमना काय चुकलं ते वैभवीने समजावलं. त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "मले कौसल्याबाईनंच शिकवलं कावळ्याले खाऊ घालाचं. रोज सकाळी वर येत होत्या. म्हनत होत्या, खाली कोनी बोलत नाई, कावळे तरी बोलतात."

कोणी हसलं नाही. नानाजी पोळी मोडत राहिला.

मी म्हटलं, मॅडमचं मराठी अजून कच्चं आहे.

वैभवी उठून आत गेली. मीही पानावरून उठलो. पुरण जड होतं.

१३ जानेवारी, संध्याकाळ
नानाजी आणि प्रयागबाई साडेचारच्या गाडीने गेले. वैभवीला उद्या ऑफिस, तीही गेली. निघताना पाया पडली. मला काही बोलायचं होतं, पण रिक्षावाला घाई करत होता.

मागचं दार लावायला गेलो तर पान भिंतीवर तसंच. वडे कडक झालेले. खिरीवर साय. वर टाकीवर एक कावळा होता, तोही उडून गेला. आजूबाजूला पाहिलं, कोणी नव्हतं. सकाळपासून पोटात काही नाही.

पान घेऊन पायरीवर बसलो. आधी पोळी खाल्ली, मग वडे.

"भज्यांत मीठ कमी आहे," असं मोठ्याने म्हणालो.

थोडा वेळ थांबलो. मग भजीही संपवली, पान बादलीत टाकलं आणि नळावर हात धुतले.