बाबांचा सांधा

मंगळवार, संध्याकाळ

आज बाबांनी जोडलेली नळी मी तोडली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचं त्यांचं हे पहिलंच वेल्डिंग. यवतमाळच्या आमच्या कारखान्यात द्रवरूप नायट्रोजनसाठी पातळ नळ्या बनतात. त्या थंडीत सांधा टिकतो का, हे तपासणं माझं काम. सांधा ठिसूळ निघाला असता, तर बाबांना पुन्हा वेल्डिंगवर घेतलं नसतं.

साहेबांना म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगा. ते म्हणाले, "आकडा मशीन देते. मी स्वतः वाचतो."

बाबा दाराबाहेर उभे होते, काळा चष्मा लावून. सांध्यातून कापलेले तीन बारीक तुकडे मी नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवले. मग चिमट्यानं पहिला मशीनवर ठेवला आणि हातोडा सोडला. बघायची हिंमत होईना. पण तुकडा काचेसारखा फुटला नव्हता. वाकून अर्धाच फाटला होता. दुसराही तसाच, तिसराही. साहेबांनी आकडे वाचले आणि मान हलवली.

बाहेर आले तर बाबा तिथेच, त्याच काळ्या चष्म्यात.

"काय झालं वं बाई?"

"पास झाला, बाबा."

त्यांनी चष्मा काढून डोळ्याला रुमाल लावला. मी म्हटलं, डोळा चोळू नका. "चोळून नाही राह्यलो," म्हणाले. मग हळूच, "माह्यं काम तोडताना तुले भेव वाटलं काय?"

मी नाही म्हटलं. का खोटं बोलले? त्यांना वाटलं असतं, पोरीचा आपल्या हातावर भरवसा नाही. उद्या चहा देताना सांगेन: भरवसा पूर्ण होता, तरी भीती वाटली.