पाटी आणि कुलूप

२५ जुलै २०१८, बुधवार

कालपासून मिसबाच्या साइटवर ब्राउझर 'असुरक्षित' असा शेरा मारतो आहे. सुरक्षा प्रमाणपत्र नसलेल्या सगळ्याच साइटवर मारतो, पण येणाऱ्याला ते कुठलं ठाऊक! इथे रक्तदाते आपलं नाव, फोन, रक्तगट नोंदवतात. काल कुणीच नोंदवलं नाही.

मिसबाला जन्मापासून थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं, तेही बी निगेटिव्ह. स्वतःसाठी सुरू केलेल्या साइटवर आज तिच्यासारखी कितीतरी घरं अवलंबून आहेत. माझा गटही तोच, म्हणून दर तीन महिन्यांनी माझीही पाळी लागते. पण ऑगस्टच्या एकोणीसला मला पासष्ट पुरी होतात. मग रक्तपेढी माझं रक्त घेणार नाही. त्याआधी माझ्या जागी कुणीतरी हवं. मिसबाला अजून बोललो नाही.

जन्म वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेला. डेडलाइनने झोप उडाली, असं पहिल्यांदाच होतंय.

२६ जुलै

साइटवर पाटी लावली. मजकूर माझा — 'ही साइट सुरक्षित आहे. ब्राउझरवर अधिक विश्वास असणाऱ्यांनी रक्तही त्यालाच मागावे.' मिसबाने त्या पाटीचं लाल-पांढरं चित्र करून चढवलं. हसत होती.

बायकोला, प्रेमलाला, जेवताना दाखवली. "लोक रक्त द्यायला येतायत, बाकरवडी घ्यायला नाही," म्हणाली. आमटी वाढली.

३० जुलै

नोंद नाही. एकाने कळवलं, 'पाटी वाचली आणि परत फिरलो.'

पाटी उतरवू म्हटलं. मिसबा फोनवर, "राहू दे हो काका, मस्त आहे. आपण मूळ दुखणं बघू."

१ ऑगस्ट

खडकीला तिच्या घरी गेलो. कालच रक्त चढवलंय, मनगटावर अजून चिकटपट्टी. त्याच हाताने टाइप करत होती. अख्तरबानूंनी, तिच्या आईने, चहा ठेवला. "भाईसाहेब, तुम्ही तरी घ्या. ही आता उठायची नाही."

आमची साइट स्वस्तातल्या होस्टिंगवर. मिसबाने समजावलं — एका इमारतीत शेकडो भाडेकरू. कुलूप, म्हणजे ते प्रमाणपत्र, आपण आणलं, तरी बसवू द्यायचं ते मालकाने. मालकाच्या वतीने फोनवर श्रीनिवास नावाचा माणूस.

"मॅडम, तुमच्या प्लॅनमध्ये ते बसत नाही. आमच्याकडून विकत घ्या."

"दादा, मी फुकटचं बाहेरून आणतेय. तुम्ही फक्त बसवायची सोय उघडा. नियमात मनाई असेल तर ती ओळ वाचून दाखवा, मी फोन ठेवते."

मग, "साहेबांना विचारून सांगतो."

मिसबाचा आवाज चढला नाही, तिने हात जोडले नाहीत. इतके बातमीदार हाताखालून गेले, असा प्रश्न विचारणारे फार थोडे.

प्रमाणपत्र देणारे एक सांकेतिक फाइल देतात. ती आपल्या साइटवर ठरलेल्या जागी ठेवायची, ते येऊन बघून जातात. घर तुमचं, एवढीच खात्री. माणूस बरा की वाईट, हे विचारत नाहीत. मुदत तीन महिने, मग पुन्हा नवं.

"तुमच्यासारखंच," मिसबा म्हणाली. "दर तीन महिन्यांनी."

मी चहा संपवला.

३ ऑगस्ट

श्रीनिवासने सोय उघडली. प्रमाणपत्र बसलं. पण पत्त्याशेजारी कुलुपाचं चिन्ह येईना! मिसबा घरी, मी तिच्या शेजारी, श्रीनिवास फोनवर. तिने दोनदा खोटी नावं घालून फॉर्म भरून पाहिला. श्रीनिवास म्हणाला, मीही भरतो. सगळं ठीक, कुलूप नाही.

शेवटी तिला सापडलं. पानावरचं सगळं नव्या, सुरक्षित वाटेने येत होतं. एकच चित्र जुन्या वाटेने. माझी पाटी.

"काका, दार लावलंय. तुमची पाटी फटीत अडकलीये."

श्रीनिवासने ती मोठ्याने वाचली. हसला. "सर, मी नांदेडचा. इथं आल्यावर पहिल्याच दिवशी घरमालकाची अशी पाटी वाचून उलटा निघालो होतो."

वाटलं होतं, ती आता पाटी काढेल. तिने फक्त चित्राचा पत्ता सुधारला. कुलूप आलं. मग मीच पाटी उतरवायला सांगितली. तिथे आता साधी ओळ आहे — 'आपली माहिती फक्त आम्हीच पाहतो. या.'

ही ओळ मिसबाची. मी एक शब्द बदलला नाही.

५ ऑगस्ट

दोन नोंदी. दोन्ही ओ पॉझिटिव्ह. कुणाच्या तरी कामी येतील.

आज तिला एकोणीस तारखेचं सांगायला गेलो. "माहितीये, काका. तुमची जन्मतारीख फॉर्ममध्ये तुम्हीच भरलीत. तुम्ही बोलायची वाट बघत होते."

७ ऑगस्ट

चाचणीच्या नोंदी मिसबा आज पुसत होती. शेवटची श्रीनिवासची. पत्ता कात्रज, गट बी निगेटिव्ह. पुसू ना, म्हणून तिने त्याला फोन केला.

"ती चाचणी नव्हती, मॅडम. शनिवारी मला सुट्टी असते."