तेलात न गेलेली कात्री

३ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, त्यातून थोडा मत्सर वजा करून घे.

बागेतले सगळे हंगामी लोक गेले. खोल्यांना कुलपं लागली, कपड्यांच्या दोऱ्या रिकाम्या झाल्या आणि पॅकिंग शेडमध्ये आम्ही कायम नोकरीवाले उरलो, रिकाम्या खोक्यांची निगा राखत. इतकी वर्षं मला तुझी कीव यायची. द्राक्षं उतरली की तू कुठल्यातरी लाँड्रीत हात भिजवायला जायचीस. यंदा सरकारने छाटणी-तोडणीवाल्यांना रिकाम्या महिन्यांचा भत्ता सुरू केला, कसलेले हात बागा सोडून जाऊ नयेत म्हणून, आणि तू थेट आईजवळ. योजना चांगली आहे. तिच्या बाजूने मी मुकादमाशी वादही घातलाय. पण मी कॉलेज केलं, कायम झाले, त्याचं बक्षीस म्हणजे मी इथे आणि तू तिथे. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

एक कामाचं. तुझी कात्री तेलाच्या डब्यात आलेली नाही. कात्री तेलात गेली की माणसाचा हंगाम मिटला, हा इथला रिवाज तुला मी काय सांगायचा. पाठवून दे.

आईला फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा हे मोठ्याने वाचून दाखव. मत्सराचं वाक्य गाळलंस तरी चालेल. माझी आठवण तिथे अधूनमधून निघू दे.
तुझी ताई

१४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. आणि तुझा मत्सर साभार परत.

काहीही न गाळता दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा आईला डुलकी लागली, पण तो दोष तुझ्या लिखाणाचा नव्हे, उन्हाचा. सकाळी तिला अंघोळ घालते, मग आम्ही मागच्या भिंतीपाशी बसतो. तिथली वेल आठवते ना, आपल्या लहानपणापासून नुसती पानं धरणारी? आई ती माझ्याकडून छाटून घेतेय. रोज थोडंसंच, आणि लगेच मुकादमासारखी तपासणी. कात्री आणली ती त्यासाठी.

आता कात्रीच्या मुठीचं ऐक. आईने तिच्यावर कापड गुंडाळून, टाके घालून दिलंय, अगदी माझ्या बोटांच्या मापाने. तुझ्या शाळेच्या निळ्या गणवेशाचं कापड, इतकी वर्षं पेटीत जपलेलं. ताईला हवं असेल का, असं मी आईला विचारलं, तर म्हणाली, तिला कात्री कशाला, तिला मी पेन दिलंय.

जळू नकोस फार, चेहऱ्यावर दिसतं. माया पातळ होऊ देऊ नकोस.
बारकी

२ मे

चि. बारकीस,
आशीर्वाद.

घाईत लिहिते. भत्त्याचा तपासनीस शेडमध्ये येऊन गेला. कोणी भत्ता घेऊन दुसरीकडे कामाला तर लागलं नाही ना, हे बघत होता. तेलाचा डबा उघडला, त्यात तुझी कात्री दिसली नाही. मी बहीण म्हणून मला विचारलं. विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं. काळजीचं कारण नसावं.

गणवेश कापण्याआधी मला विचारायला हवं होतं. एवढंच.
ताई

२० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भत्ता थांबला. कळवलंय ते इतकंच, की कात्री जमा नाही, अन्यत्र काम करत असल्याचा संशय. ही चुगली मुकादमाचीच. मी त्याच्या टोपीला हसले होते ते त्याने मनात धरलेलं दिसतंय. तू तिथेच होतीस, तेव्हा तपासनिसाला तू काय सांगितलंस ते नीट लिही, म्हणजे अर्जात मलाही तसंच लिहिता येईल.

लाँड्रीत जागा आहे, पुढच्या आठवड्यात निघावं लागेल. शेजारीण दुपारचं डोकावेन म्हणाली. पण आईला न्हाणीत हात धरायला कोणी नसेल, आणि मागच्या वर्षी ती पडली ती तिथेच. तिला अजून काही सांगितलेलं नाही. वेलीला कोंब फुटलेत म्हणून ती मला सारखी हाका मारते आणि मी बॅग भरता भरता ओ देते.

लवकर लिही, तुझाच आधार आहे.
बारकी

२४ मे

बारके,

निघू नकोस, एवढा निरोप शेजारणीच्या फोनवर ठेवलाय. बाकीचं इथे.

मुकादमाला शिव्या देऊ नकोस, तो त्या दिवशी शेडमध्ये नव्हताच. कात्री कुठे आहे, असं तपासनिसाने विचारलं. मी म्हटलं, तिच्यापाशी. ती तिचं काय करते, असं विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. तुझं पत्र तेव्हा माझ्या पिशवीत होतं. वेल, भिंत, आई, सगळं मला माहीत होतं, आणि ते निळं कापडही. त्या कापडापाशीच माझी जीभ अडली.

त्यानंतर मी स्वतःला बजावत राहिले की मी काही वाईट बोलले नाही, फक्त कमी बोलले. तुझं पत्र आल्यावर तेही टिकेना. तुझा भत्ता बुडावा असं माझ्या मनात नव्हतं. तू आईजवळून उठावंस, असं होतं. हे जास्त वाईट, हे मला कळतं.

आज तपासनिसाच्या ऑफिसात जाऊन खरं काय ते लिहून दिलं. तो म्हणाला, मग आधीचं खोटं ठरतं, तुमच्या मालकांना कळवावं लागेल. कळवा म्हटलं. यंदाची बढती गेली असं समजते. तो घरी येऊन वेल बघणार आहे.

हे पत्रही आईला वाचून दाखव. या वेळी काही गाळू नकोस. लोभ मागायचं तोंड नाही.
ताई

८ जून

ताई,
शि. सा. न. या वेळी नाही. पुढच्या पत्रात बघू.

तपासनीस आला. वेल बघितली, छाटलेल्या फांद्या उचलून पाहिल्या. आईने त्याला बळेच बसवलं, पाणी दिलं आणि एकेक कोंब दाखवला. बिचारा मान डोलवत राहिला. भत्ता पुन्हा सुरू होईल. मधला गेला तो गेला.

मी रागावलेय. तुझं पत्र दोन दिवस आईला वाचलंच नाही. मग वाचलं, अक्षर न गाळता. मला वाटलं, ती तुला बोल लावेल. खरं सांगायचं तर तशी आशाच होती. तिने एवढंच विचारलं, की तिथे तिला कोणी ताट वाढून देतं का. तेव्हापासून तुझंच चाललंय. मी तिची वेणी घालते आणि ती तुझे केस किती दाट होते ते सांगते. मी समोर बसलेली आणि तिची नजर रस्त्यावर. आता जळायची पाळी माझी, आणि ते किती पटकन पेटतं ते कळलं. म्हणून राग थोडा उतरलाय. थोडाच.

कात्री पार्सलने पाठवतेय, वेलीचं काम झालं. मुकादमाकडे देऊ नकोस, तू स्वतःच्या हाताने तेलात ठेव. फक्त पाती बुडव. मुठीवरचं कापड काढायचं नाही. गणवेश तुझा होता, मूठ माझी आहे.

रजा मिळाली तर ये, असं आई म्हणते. मी म्हणत नाही. पण तिला आता एकटीने दारापर्यंत चालवत नाही, तेव्हा दार मलाच उघडावं लागेल.

तुझी, अजून रागातली,
बारकी