धाकटीने हलवलेले काटे

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटारदुरुस्ती, गल्लीत 'पानामास्तर' म्हणून ओळखला जाणारा, लिहून ठेवतो ऐसाजे: गुडघे सोडले तर माझे सर्व भाग चालू आहेत. डोके जागेवर असल्याचा दाखला डॉक्टरांनी आज सकाळीच दिला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नीचा आहे, पण तो बेचाळीस वर्षे जुना असल्याने धरू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्यवस्था व्हावी.

कलम १. राहते घर, बँकेतील शिल्लक व घरातील चीजवस्तू पत्नीस. आम्हाला मूलबाळ नाही. तिने तीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली व निम्मे घर तिच्याच पगारातून उभे राहिले. तेव्हा मी तिला काही देतो आहे असे कोणी समजू नये, तिने तर नाहीच.

कलम २. निळी गाडी पत्नीचीच आहे; फक्त इंजिन मी बदललेले आहे. जुन्याला तडा गेला आणि पत्नी ती गाडी सोडायला तयार होईना, म्हणून चार सिलिंडरच्या जागी एका मोठ्या गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन मी बसवले. ते असे बसले की जणू तिथेच जन्मले. परंतु डॅशबोर्डवरचे काटे बिघडले. तापमानाचा आणि तेलाच्या दाबाचा काटा मेलेला. इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा जिवंत, पण खोटारडा. इंजिन निवांत हजारावर असताना दीड हजार दाखवी. मी म्हटले, "इंजिन मला कानाने कळतं." पुढच्याच आठवड्यात पत्नीला उपचारांसाठी डोंगरावरच्या इस्पितळात नेताना, चढावर, बॉनेटमधून वाफ आली तेव्हा काय ते कळले. ती आजारी बाई दोन तास रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, "अहो, काटे हलेपर्यंत मी त्या गाडीत बसणार नाही."

कलम ३. ज्याने मला ते इंजिन विकले आणि काढताना वायरिंगची सगळी जुडी बुडातून कापून दिली, त्या भंगारवाल्यास माझी सर्वांत बोथट पक्कड. पोच घ्यावी.

कलम ४. वर्कशॉप, लेथ व सर्व हत्यारे माझ्या धाकट्या बहिणीस. निम्मे तिच्या हक्काचे म्हणून, निम्मे माझ्या इच्छेने. याचे कारण लिहिणे भाग आहे.

वर्कशॉप मूळ वडिलांचे. ते होते तेव्हा धाकटी त्यांच्याशेजारी बसून डायनॅमो गुंडाळायची. ते गेल्यावर मी तिच्यापुढे हक्कसोडीचा कागद सरकवला आणि म्हणालो, "हे बायकांचं काम नव्हे. सही कर." तिने केली. पुढे टेलिफोन खात्यात दुरुस्ती विभागात तिने चौतीस वर्षे काढली. घरी यायची, हसायची, जेवायची. वर्कशॉपचा उंबरा मात्र तिने ओलांडला नाही.

तिला बोलावले पत्नीने. "वन्सं, यांना जमत नाहीये," असे फोनवर, माझ्यादेखत.

धाकटी आली. चष्मा वर केला, मल्टिमीटरची टोके इंजिनावर टेकवली, तापमानाचा सेन्सर सोडवून हातात घेतला.

"दादा, आट्यांवर ही पांढरी टेप कोणी गुंडाळली?"

"मी. गळू नये म्हणून."

"अरे, याला अर्थिंग इंजिनाच्या धातूतूनच मिळतं. तू त्याला रेनकोट घातलास. पन्नास वर्षांत हे तुला कोणी सांगितलं नाही?"

सांगणारीला मीच दाराबाहेर ठेवले होते.

दोन्ही सेन्सरांवरची टेप काढल्यावर काटे हलले, पण उलटसुलट. सेन्सर नव्या इंजिनाचा, काटा जुन्या गाडीचा, एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. मी असतो तर हातोडा घेतला असता. तिने आमच्या स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी तापवले, जुना आणि नवा सेन्सर त्यात सोडला आणि दर दहा अंशांना मीटरचे आकडे वहीत उतरवले. मग म्हणाली, "जुनाच सेन्सर नव्या इंजिनात बसव. बूश कातशील का?" मी लेथवर पितळी बूश कातले, म्हणजे जुना सेन्सर नव्या भोकात बसवणारी कडी; तेलाच्या दाबासाठीही तसेच. फेऱ्यांच्या काट्यासाठी तिने काडेपेटीएवढे सर्किट केले. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत तिने एकदाही मला जुने काही ऐकवले नाही. तिच्या जागी मी असतो तर रोज ऐकवले असते.

दहाव्या दिवशी आम्ही तिघे त्याच चढावर गेलो. मध्यावर तापमानाचा काटा चढू लागला.

"काटाच चुकतोय," मी म्हणालो. "इंजिनाचा आवाज चांगला आहे."

"काटा खरं सांगतोय. थांबव."

मी थांबवली. होज पाइपची क्लिप सैल झाली होती आणि पाणी ठिबकत होते. आणखी एक वळण घेतले असते तर इंजिन गेले असते. ती क्लिप मीच बसवली होती. गार झाल्यावर आवळली, पाणी भरले, आणि पत्नी वेळेत इस्पितळात पोचली. मी आयुष्यभर चांगले कारागीर पाहिले. धाकटीच्या तोडीचा एकही नाही, आणि त्यात मी आलो.

कलम ५. धाकटी 'नको' म्हणेल. ते ग्राह्य धरू नये.

दुरुस्ती. वरील मजकूर आज दुपारी धाकटीस वाचून दाखवला असता कलम ५ चुकीचे ठरले. ती म्हणाली, "मी अडुसष्टची आहे दादा. तू मरायची वाट बघत बसू का? किल्ली आत्ता दे." पत्नी म्हणाली, "द्या." दिली. सबब तिच्या हक्काचा निम्मा हिस्सा आजच तिच्या ताब्यात गेला असून तो माझ्या मरणावर अवलंबून नाही. त्याचे रीतसर कागद वकील सोमवारी करतील. हे लिहीत असता ती आत माझ्या हत्यारांचा फळा स्वतःच्या सोयीने लावते आहे. तेरा नंबरचा पाना कुठे ठेवला, हे मला आता तिला विचारावे लागेल.

सही: पानामास्तर
साक्षीदार १: समोरचा शिंपी (समक्ष वाचून सही केली)
साक्षीदार २: डॉक्टर, दाखला देणारे
स्थळ: वर्कशॉपबाहेरील बाक
दिनांक: नऊ, गुरुवार, दुपारी चार