जाळीचं पान

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. घर दोन खोल्यांचं, मधली भिंत पातळ. मी इकडे हॅलो म्हटलं की तिकडे गुंड्या कूस बदलतो. पोटच्या पोराबद्दल त्याच्याच कानावर पडेल असं काय बोलणार? म्हणून हा कागद.

वादळात त्याची रोपवाटिका गेली हे तुला माहीतच आहे. सावलीची जाळी उडाली, खांब वाकले आणि उरलंसुरलं पुढच्या उन्हाने संपवलं. भागीदार त्याला घरी सोडायला आला तेव्हा याच्या हातात एकच कुंडी होती, अनंताची. ती गॅलरीत ठेवली आणि आत जाऊन जो पडला तो पडलाच. हाक मारली की जेवायला येतो, चार घास चिवडतो, स्वतःचं ताट घासतो, परत आत. भांडला असता, दार आपटलं असतं तर मला काही सुचलं असतं. डेपोत जन्मभर आवाज करणारी इंजिनं दुरुस्त केली मी. आवाजच नसेल तर बिघाड शोधायचा कुठे?

म्हणून एक खटाटोप मांडलाय. त्याच्या वाटिकेत एक धुक्याची खोली होती. तोडलेल्या फांदीला मुळं नसतात, तिला पाणी ओढता येत नाही. मुळं फुटेपर्यंत तिची पानं भुरभुर फवाऱ्याने ओली ठेवायची, म्हणजे ती तग धरते. हे त्यानेच मला एकदा समजावलं होतं. तशीच एक छोटी पेटी मी गॅलरीत करतोय. गोधड्या ठेवायचा तो पारदर्शक मोठा डबा रिकामा केला, तळाशी जाड वाळू भरली. आधी गाडीच्या काचेवर पाणी उडवायचा पंप लावून पाहिला, पण तो नुसताच थुंकतो. शेवटी पाणी शुद्ध करायच्या यंत्रातला पंप काढला. फवाऱ्याचं पितळी टोक शेतीच्या दुकानातून आणलं. अनंताच्या फांद्या छाटून खोचल्या आहेत.

गॅलरीची खिडकी त्याच्या उशाशीच आहे. पंप सुरू झाला की तो कधी तरी डोकं वर काढेल, एवढीच आशा.

तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस. लोभ आहेच, त्यात खंड नसावा.

तुझा,
भाऊ

९ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गुडघे आहेत तिथेच आहेत, मीच त्यांच्या तालावर चालते. पाणी शुद्ध करायचं यंत्र मोडून ठेवलंस, तर आता पितोस काय? उकळून पी, आणि त्यालाही तेच दे. झाडांच्या बाबतीत तुझा हात मला पुरता ठाऊक आहे. लहानपणी तू निवडुंग वाळवला होतास. निवडुंगाला तहानेने मारायला वेगळीच कर्तबगारी लागते.

आता थट्टा पुरे. पेटी कर, नको म्हणत नाही. पण भाऊ, माझी हयात वॉर्डात गेली. अशी पडून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. ती आळशी नसतात आणि रुसलेलीही नसतात. ताप चढावा तसं हे चढतं, फक्त थर्मामीटरवर दिसत नाही. त्याला डॉक्टरांना दाखवायलाच हवं. इथे आमच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई आहेत, समजूतदार आहेत, माझ्या शब्दाला मान देतात.

आणि एक गोष्ट कर. तुला जड जाईल, तरी कर. जगावंसं वाटतं का, असं त्याला सरळ विचार. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. असलेला मात्र बाहेर येतो. त्याने काय सांगितलं ते मला लगेच कळव. तोवर त्याला एकटा सोडू नकोस.

आई-बाबांच्या मागे आपण दोघंच आहोत, तेव्हा रागावू नकोस. माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या निवडुंगाने माझा जन्मभर पिच्छा पुरवला. यंदाही तेच झालं. पहिल्या सगळ्या फांद्या काळ्या पडल्या. हातात घेतली तर देठाचा शेंबूड झालेला. मी आपला उत्साहाने पंप चालू ठेवायचो, आणि डब्याला खाली भोकं पाडायचीच राहिली होती. त्यात इथलं पाणी जड, फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरा थर धरला आणि धुक्याचं धारेत रूपांतर झालं. व्हिनेगरमध्ये बुडवून ते टोक साफ केलं.

पण ऐक. काल बाजारातून आलो तर पंपाची वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेली. सडलेल्या फांद्या डब्यात नव्हत्या. वाळू जुन्या पेपरवर पसरून सुकत घातलेली, आणि कडेने हात फिरवल्याच्या बोटांच्या रेघा. मी तर हरखूनच गेलो. पळत जाऊन त्याच्यासाठी छाटणीची नवी कात्री आणली आणि उशाशी ठेवली. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रात्री जेवला नाही. आज सकाळी दोनदा हाक मारली तेव्हा फक्त मान हलवली. म्हणजे मी पुढे ढकललं की मागे, हेच कळेनासं झालंय.

आता एक नवीन जुगाड केलाय. एका तारेच्या एका टोकाला बारीक जाळीचा पानाएवढा तुकडा, दुसऱ्या टोकाला वजनाला दोन-तीन नट, मध्ये टेकू. फवारा पडला की जाळीवर थेंब साठतात, ती जड होऊन खाली झुकते, पंपाचं बटण सुटतं आणि तो बंद होतो. सुकली की वर येते आणि पंप सुरू. खरी पानं सुकायच्या बेताला हे खोटं पान सुकतं, असा हिशोब. भोकं पाडली, वाळू धुतली, नव्या फांद्या लावल्या, या वेळी पानं निम्मी कापून. आता पंप कधी लावायचा ते माझ्या उत्साहावर नाही.

बाकी ठीक. तू काळजी करू नकोस. आठवण ठेवून असावं.

तुझा,
भाऊ

२२ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

दोन पानं भरून पंप, जाळी आणि नट. मी जे विचारायला सांगितलं त्याबद्दल एक ओळ नाही. मी तुझी थोरली बहीण आहे, तू कुठे वळसा घालतोस ते मला कळतं.

विचार. आजच विचार. तुला धीर होत नसेल तर तसं लिही, मी गुडघ्यांसकट गाडीत बसते. डॉक्टरीणबाईंशी मी बोलून ठेवलंय, त्या कधीही बघतील.

ओरडते म्हणून प्रेम आटलंय असं समजू नकोस.

तुझी,
ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं.

आज दुपारी खाली पिठाच्या गिरणीत गेलो होतो. एकटा सोडू नकोस म्हणाली होतीस, पण घरात पीठ नव्हतं. वर आलो तर त्याचं अंथरूण रिकामं. ताई, तेवढ्यात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी लिहीत नाही. गॅलरीचं दार अर्धवट उघडं होतं. तिथवरची चार पावलं मला टाकवेनात. दाराला धरून उभा राहिलो, इतकाच माझा पुरुषार्थ.

तो खाली फरशीवर बसला होता, पेटीला लागून. झाकण काढलेलं, फवारा सुरू, सदरा भिजून अंगाला चिकटलेला. त्या जाळीच्या पानाकडे बघत होता. मी पिठाचा डबा ठेवला आणि शेजारी बसलो. गुडघे वाजले, तरी त्याने पाहिलं नाही. मग मी ते वाक्य बोललो. मनात शंभरदा घोकलेलं, पण तोंडातून आलं ते भलतंच वाकडंतिकडं. त्याला जगणं नको झालंय का, असं काहीसं.

जाळी भरली, खाली झुकली, पंप थांबला. मग तो म्हणाला, "कधी कधी नको वाटतं, बाबा."

शिव्या देईल, रडेल, नाही म्हणेल, या सगळ्याची मी तयारी केली होती. याची नव्हती. मग त्यानेच विचारलं, की हे सगळं मी कशासाठी करत बसलोय.

मी म्हटलं, "मला दुसरं काही येत नाही रे."

त्याने माझं मनगट धरलं. त्याचा हात गार होता. जाळी सुकून पंप परत सुरू झाला, आम्ही दोघंही भिजलो, कुणी उठलं नाही. मग मी त्याला सांगितलं, आत्या बोलावतेय, तिच्या ओळखीच्या डॉक्टर आहेत. तो एवढंच म्हणाला, न्यायला कपडे कोरडे आहेत का बघा.

तेव्हा हे पत्र हाती पडायच्या आधीच आम्ही तुझ्या दारात असू. उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. तरीही लिहितोय, कारण तो आत झोपलाय आणि मला नुसतं बसवत नाही. आज त्याचं दार काढूनच ठेवलंय, बिजागऱ्यांसकट.

ताई, सांभाळून घे.

भाऊ

१४ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यावर घर सुनं झालं, असं म्हणणार होते, पण तू होतास तेव्हाही काही बोलत नव्हतास. दोन आठवडे ठेवून घेतल्यावर हॉस्पिटलातून त्याला परवा माझ्याकडे सोडलं. गोळ्या चालू आहेत. त्या लागू पडायला वेळ लागतो, डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलंय. झोपतो बराच. काल मी भाजी निवडत होते, तर समोर बसून त्याने दोन काड्या मोडल्या आणि उठून गेला. तू लगेच यात बरं होण्याची खूण शोधशील. शोधू नकोस. मीही शोधत नाही. म्हणजे शोधते, पण धरून बसत नाही.

तो बरा होईल का, असं तू बसमध्ये चढताना विचारलंस. मी बहुतेक बरे होतात म्हटलं, ते खरं आहे. त्यापुढचं मला माहीत नाही, भाऊ. इतकी वर्षं माणसांची शुश्रूषा करून मला त्यापुढचं माहीत नाही.

दोन्ही वेळा जेव. एकट्यासाठी स्वयंपाक कशाला, असं म्हणू नकोस. जिव्हाळा राहू दे.

तुझी,
ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरात आवाज एवढा एकच: पंपाचा. तो सुरू झाला की वाटतं कुणी आहे.

नव्या फांद्यांपैकी बऱ्याच गळल्या. ज्या राहिल्यात त्यांतली एक काल चिमटीत धरून अगदी हलके ओढली, तर ती येईना. वाळूत तिने काहीतरी धरलंय. दुसरीही येईना. मला इतका आनंद झाला की सांगायला वळलो, आणि मागे मोकळी चौकट.

मग त्यांतली एक काढून कुंडीत लावली. पांढरी, दोऱ्यासारखी मुळं होती. दुपारपर्यंत तिने मान टाकली. घाईघाईने परत पेटीत घातली, पण ती काही सावरली नाही. बाकीच्यांना आता हात लावायची भीती वाटते. मुळं आली तरी बाहेर काढता येत नाहीत, आणि आत तरी किती दिवस ठेवायच्या? ज्याला विचारायचं तो तुझ्याकडे. त्याला मात्र यातलं काही सांगू नकोस. एक मेली, हे कळायला नको.

दर आठवड्याला यावंसं वाटतं, आणि माझं तोंड पाहून त्याला ओझं होईल असंही वाटतं. काय करू ते तूच सांग.

तुझा,
भाऊ

१९ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न.

आत्याने तुमचं पत्र मला वाचायला दिलं. सांगू नकोस असं लिहिलं होतंत तेही वाचलं. तिच्यावर रागावू नका.

धुक्यातून एकदम बाहेर काढलं की पानं कोलमडतात. मुळं आलेली असली तरी त्यांना कामाची सवय नसते. दुसऱ्या टोकाचा एक नट काढून टाका, म्हणजे जाळी पूर्ण सुकल्याशिवाय पंप लागणार नाही. संध्याकाळनंतर बंदच ठेवा. झाकण पहिल्यांदा बोटभर उघडं, मग हळूहळू जास्त. पानं मलूल दिसली तर एक पाऊल मागे या. कुंडीत लावल्यावर थोडे दिवस सावलीत, आडोशाला. इतकं करूनही काही जातात. माझ्याही जायच्या, चांगल्या दिवसांतसुद्धा.

माझं म्हणाल तर सकाळ फार जड जाते. दुपारनंतर जरा बरं. काल आत्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो. आज नाही गेलो. हे पत्र तीनदा अर्धवट टाकलं, म्हणून अक्षर वेगवेगळं दिसेल.

तुम्ही आलात की मला काय बोलावं ते कळत नाही. तरी या. आपण नुसते बसू.

कधी परत येईन ते मात्र विचारू नका. मला माहीत नाही. पत्र लिहीत जा. माझं उत्तर उशिरा आलं तरी लिहा, आणि नाही आलं तरी लिहा.

तुमचा,
गुंड्या