तात्यांची जीप भंगारात जायची न्हाय

रवीदादा,

भंगारवाल्याला आजच फोन करून सांग, येऊ नको म्हणून. तात्यांची जीप मी गोठ्यात खोललीय. इंजिनाचं हेड घेऊन एसटीनं इंदापूरला निघालेय. तापून वाकलंय ते, लेथवर घासून सपाट करून आणते, संध्याकाळी परत.

वॉल्व्ह आईच्या आप्पेपात्रात ठेवलेत. जो ज्या खळग्यात हाय तो तितंच राहू दे. आप्पे खायचे असतील तर शेजारनं पात्र आणा.

पोरीच्या हातनं इंजिन जुळायचं न्हाय, असं डेअरीत सगळ्यांपुढं बोललास, ते कळलं मला.

तात्यांना वाटतंय, गाडी म्हातारी झाली म्हणून बंद पडली. रेडिएटरात पाण्याचा थेंब नसताना ती पणदऱ्यापर्यंत कुणी दामटली, हे मी अजून सांगितलेलं न्हाय. भंगारवाला दारात दिसला, तर सांगीन.

स्वरूपा