बरगड्यांवरची लग्नपत्रिका

२ एप्रिल १९७४, सकाळी ६.
काल कळमनुरीत ‘श्रमाची प्रतिष्ठा’ या विषयावर पावणेदोन तास बोललो. टाळ्या भरपूर. शेवटी कोंडीबा नावाच्या एका म्हाताऱ्याने उभं राहून विचारलं, गुरुजी, तुमी स्वतः हातानं काय करता? लोक हसले. सवंग प्रश्न. तरीही आजपासून हस्तकला. अक्षरं कापून साचा करायचा आणि त्या भोकांतून शाई लावून छपाई करायची. विशाखाचं लग्न १९ मेला आहे. माझ्या लेकीची पत्रिका कुठल्याही छापखान्यात जाणार नाही. २० एप्रिलपर्यंत तीनशे पत्रिका तयार.

७ एप्रिल.
साच्यासाठी दवाखान्यातून जुन्या एक्स-रेच्या फिल्म आणल्या. सोड्याच्या पाण्यात दोनदा उकळल्या, तरी बरगड्या पुसट दिसतातच. माझी बायको पद्माबाई म्हणाली, कोणाच्या छातीवर लेकीचं लगीन कोरून राहिलात? अंधश्रद्धा. माझ्याच घरात.

११ एप्रिल.
अर्ध्या ब्लेडने ‘विशाखा’ कोरलं. ‘व’च्या पोटातला गोल तुकडा, म्हणजे टिकली, सुटून खाली पडली. छापल्यावर ‘व’च्या जागी काळा गोळा. तसाच गोळा ‘ख’मध्ये. पद्माबाई म्हणाली, नाव न्हाई, डाग दिसून राहिले. ब्लेडची क्वालिटी घसरली आहे. एकूण देशातच घसरली आहे.

१५ एप्रिल, दुपार.
पद्माबाईचा भाऊ जळबा कुरुंद्याहून आला. तो हळदीच्या आडतीवर हमाल आहे. वीस वर्षं पोत्यांवर पत्र्याच्या साच्याने व्यापाऱ्यांचे मार्के मारतो. माझी फिल्म उजेडात धरून म्हणाला, दाजी, टिकलीला दोन बाजूंनी बारीक पट्टी ठेवा, म्हणजे ती गळत न्हाई. द्या इकडं, दोन घंट्यांत कोरून देतो. मी त्याला समजावलं की पट्टी म्हणजे अक्षराला दिलेली कुबडी. माणूस असो की अक्षर, ते आधाराशिवाय उभं राहिलं पाहिजे. अर्धा तास बोललो. तो म्हणाला, बराबर हाय. उभ्याउभ्या चहा पिऊन गेला. पटलं असावं.

२२ एप्रिल.
पट्टीशिवाय छापण्याची माझी स्वतंत्र पद्धत: गळलेल्या टिकल्या प्रत्येक कागदावर टाचणीने दाबून धरायच्या आणि वरून बोळ्याने शाई. एका पत्रिकेला दोनशेवर टिकल्या. हात दोनच. म्हणून मजकूर कमी केला. आधी दोनशे दहा शब्द होते, आता साठ. हुंडा, मानपान आणि बँडबाजा यांवरचे परिच्छेद गेले. श्रमाचा ठेवला.

शाई वाळून कडक होते म्हणून काजळीत एरंडेल घातलं. हा माझा प्रयोग, कुठल्याही पुस्तकात नाही.

३० एप्रिल.
तीनशेचा आग्रह सोडला. संख्या हा भांडवली विचार आहे.

नावांचा प्रश्न आज निकाली काढला. पत्रिकेवर काका-मामांची फौज छापायची ही सरंजामी रीत. सगळी नावं रद्द. जळबाचंही. त्याच्या नावात ‘ळ’ आणि ‘ब’ मिळून तीन टिकल्या आहेत, पण कारण ते नव्हे. कारण तत्त्वाचं आहे. नवऱ्या मुलाचं नाव संतराम. समंजस नाव, फारसं गळत नाही. माझ्या ‘भिवाजी’त ‘व’ आहे, तरी तो ठेवला. निनावी पत्रिका काढणं भ्याडपणा ठरेल.

पद्माबाईला सांगितलं. ती म्हणाली, मामाचं नाव न्हाई त्या पत्रिकेवर? आणि चुलीकडे गेली. तेव्हापासून बोलत नाही. विचार करते आहे.

६ मे.
एकतीस पत्रिका तयार. पहिली जळबालाच पाठवली. तत्त्व आधी घरच्यांना.

१० मे.
कुरुंद्याला हळदीचा ट्रक नेणारा रूपसिंग सकाळी निरोप घेऊन आला. जळबा म्हणाला म्हणे, परक्या व्यापाऱ्याचं नाव मी रोज हजार पोत्यांवर मारतो. माझ्या भाचीच्या पत्रिकेवर माझं एक मावलं न्हाई? मंग मांडवात माझं काय काम?

विशाखा हे ऐकत उभी होती. आत गेली. पद्माबाई दहा दिवसांनी बोलली: लेकरू मामाचा हात धरून मांडवात येतं. आता कोणाचा धरल, तुमच्या तत्त्वाचा?

जळबाला पत्र लिहायला बसलो.

१२ मे.
पत्र अकरा पानं झालं. माफीपर्यंत अजून पोचलेलं नाही. आधी भूमिका स्पष्ट होणं आवश्यक. पद्माबाई पत्राची वाट न पाहता सकाळच्या एसटीने एकटीच कुरुंद्याला गेली. दिवस मावळता परतली. काय ठरलं विचारलं, तर म्हणाली, तुमी पत्र पुरं करा.

१७ मे.
साखऱ्याहून व्याही सोनाजींचा निरोप: पत्रिका लई विचार करण्यासारखी हाय. पण पाव्हण्यांनी कवा यायचं आन् कुठं?

पत्रिका काढून पाहिली. तारीख नाही. लग्नाचं गाव, आमचं आखाडा बाळापूर, तेही नाही. मजकूर कमी करताना गेलं असावं. श्रमाचा परिच्छेद मात्र संपूर्ण आहे.

१९ मे, संध्याकाळी ५.
लग्न पार पडलं. चारशे माणूस आलं. पद्माबाईने एप्रिलमध्येच गावोगाव तोंडी सांगून ठेवलं होतं, असं मला पंगतीत कळलं.

जळबा सकाळीच आला. चार पोती उसवून शिवलेला लांब पडदा आणला आणि मांडवाच्या तोंडाशी बांधला. त्यावर तारीख, वेळ, गाव, दोन्हीकडची सगळी नावं. प्रत्येक टिकली जागच्या जागी, दोन बारीक पट्ट्यांवर उभी. माझं नाव सगळ्यात वर. स्वतःचं सगळ्यात खाली. पट्ट्या शोधायला मला जवळ जावं लागलं.

विशाखा त्याचा हात धरून मांडवात आली. मी बाजूला झालो.

नंतर माझं भाषण. समोर माझ्या एकतीसच्या एकतीस पत्रिका पंख्यासारख्या हलत होत्या. ऊन फार, आणि पुठ्ठा जाड, वाऱ्याला चांगला. सोनाजींनी पुठ्ठ्याची तारीफ केली. श्रमावर आलो तेव्हा पुढच्या रांगेत कळमनुरीचा कोंडीबा दिसला. त्याने पत्रिका खाली ठेवली आणि पंजा वर करून मला दाखवला. काळा. शेजाऱ्याचाही काळा. एरंडेलाची शाई वाळलीच नव्हती. म्हणाला, गुरुजी, आता पटलं. तुमी हातानं काम केलंय.

मांडव हसला. जळबाही हसला, सकाळपासून पहिल्यांदा.

मी माझे हात पाहिले. भाषणासाठी सकाळीच साबणाने दोनदा धुतले होते.